कुलगुरू महोदय, विकल्प अर्ज भरण्याआधी कार्यशाळेचं दार उघडा

प्रति,
मा. कुलगुरू,
महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला
वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी
डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ, दापोली
तसेच आपल्याशी संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

लातूर जिल्ह्यात माझं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. पेरणी यंत्रं, मोगडे, पल्टी नांगर बनवतो. रोटाव्हेटर आणि मळणी यंत्रं दुरुस्त करतो. मृगाच्या तोंडावर आम्हाला उसंत नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत बारावीचे आणि सीईटीचे मार्क घेऊन आईबाप येतात. पेरणी यंत्राची चकती बदलून होईपर्यंत बाजूला बसतात आणि मग हळूच विषय काढतात, "दादा, पोराला मशिनरीची लई आवड हाय. शेतीच्या मशिनरीचंच शिकतो म्हणतोय. कुठं टाकावं?"

या प्रश्नाला धड उत्तर देता येईल अशी माहिती मला कुठंही एका जागी मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. विद्यापीठांबद्दल मनात आदर आहे. अकोल्याची मिनी दाळ मिल, दापोलीचा देठासकट आंबा उतरवणारा नूतन झेला, वैभव विळा, परभणीनं सोयाबीनसाठी बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडणाऱ्या, यंत्रावर केलेलं काम, ही सगळी आपल्याच विभागांची कमाई आहे आणि ती गावागावांत वापरात आहे. ज्यांनी हे केलं त्यांच्याकडंच मागणं मागायचं असतं.

पहिली फसगत तर अकरावीतच होते. "शेतीच करायची तर गणित कशाला?" असं म्हणून मुलगा जीवशास्त्राचा गट घेतो. दोन वर्षांनी कळतं, की बी.एस्सी. कृषीला तो गट चालतो, पण बी.टेक. कृषी अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. तोवर वेळ निघून गेलेली असते. ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स डोळे मिटून जोडणारा पोरगा मग कीटकशास्त्राच्या वर्गात जाऊन बसतो. कीटकशास्त्र चांगलंच आहे, पण त्याची ओढ तिकडं नव्हती. हे त्याला दहावीतच सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारं कुणी गावात नाही.

दुसरा घोळ नावांचा. आईबापांना बी.एस्सी. कृषी, बी.टेक. कृषी अभियांत्रिकी, कृषी पदविका, आयटीआयचा मेकॅनिक ट्रॅक्टर, सगळं एकाच पोत्यातलं वाटतं. खरं तर या चार वेगळ्या वाटा आहेत आणि प्रत्येक वाट वेगळ्या मुलासाठी आहे. ज्याला इंजिन उघडायचं आहे, हातानं काम करायचं आहे आणि घरी लवकर पैसा यायला हवा आहे, त्यानं दहावीनंतर आयटीआय केलं तर त्यात काही कमीपणा नाही. माझ्याकडचा सगळ्यात तरबेज माणूस आयटीआयचाच आहे. यंत्र असं का वागतं, फाळाचा कोन बदलला तर ओढ किती वाढते, हे यंत्र आपल्या मातीला कसं बसवायचं, हे ज्याला कागदावर आणि शेतात दोन्हीकडं सोडवायचं आहे, त्याची जागा बी.टेक.ला. ही निवड मार्कांवरून ठरू नये.

बी.टेक.मध्येही यांत्रिकीकरण हा अनेकांपैकी एक विभाग आहे, हे कुणी सांगत नाही. मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, प्रक्रिया व अन्न, अपारंपरिक ऊर्जा हे बाकीचे विभागही त्याच चार वर्षांत शिकावे लागतात. यंत्र आणि शक्ती या विषयात खोल जायचं तर पुढं गेट परीक्षेचा कृषी अभियांत्रिकीचा पेपर देऊन किंवा दुसऱ्या मार्गानं एम.टेक. करावं लागतं. मला स्वतःला हा चौफेर अभ्यास आवडतो. पाण्याचं गणित न कळणारा माणूस रुंद वरंबा आणि सरी पाडणारं यंत्र कसं समजून घेणार? पण "चार वर्षं नुसते ट्रॅक्टर" अशा समजुतीनं गेलेला मुलगा दुसऱ्या सत्रात हिरमुसतो, तेव्हा त्याला आधी नीट सांगितलं नव्हतं हाच दोष असतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयापुढं कंसात 1+1 किंवा 2+1 असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा तासिकांचा, दुसरा प्रात्यक्षिकाचा. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे आठवड्याला दोन तास. देशभरातल्या कृषी पदव्यांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या बी.एस्सी. कृषी अभ्यासक्रमात शेती यंत्रे व शक्ती हा विषय 1+1 चा होता. म्हणजे त्या पदवीत यंत्रांच्या प्रात्यक्षिकाला एका सत्रापुरते आठवड्याला दोन तास. हे वाचायचं कसं, हे पालकांना कुणी शिकवलंय? आणि कागदावरच्या दोन तासांचं प्रत्यक्षात काय होतं, हे तर तिथं शिकणाऱ्यालाच माहीत. तीस जणांची तुकडी, एक ट्रॅक्टर, दोन तास. सगळे वेळेवर आले, ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला चालू झाला आणि डिझेलही होतं असं धरलं, तरी प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. चार मिनिटांत सीटवर बसून क्लच दाबला की संपलं. मागं नांगर जोडून खोली लावणं, तास सरळ काढणं, बांधाशी वळताना अवजार वेळेत उचलणं, यातलं काहीच होत नाही. जर्नल मात्र पूर्ण भरतं आणि त्यावर सही होते.

अंतिम वर्षाची एक मुलगी आमच्याकडं प्रशिक्षणाला आली होती. पेरणी यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेलं तेवढंच बी पडेल असं यंत्र लावणं, तिला तोंडपाठ होतं. सूत्र सांगितलं, आकृती काढून दाखवली. पण यंत्राचं चाक उचलून, खाली पिशव्या बांधून, बी धरून तोललं होतं का विचारलं, तर कधीच नाही. मग आम्ही केलं. चार फणांचं यंत्र, दोन ओळींत 45 सेंटीमीटर, म्हणजे रुंदी 1.8 मीटर. चाकाचा घेर 1.25 मीटर. एका फेऱ्यात सव्वादोन चौरस मीटर रान पेरलं जातं, वीस फेऱ्यांत 45. हेक्टरी 65 किलो सोयाबीन पाडायचं तर वीस फेऱ्यांत चारही पिशव्या मिळून साधारण 290 ग्रॅम बी पडायला हवं. तिनं चाकाला खडूची खूण केली, फेरे मोजले, बी तोललं, कमी भरलं म्हणून पेटीखालचं सेटिंग सरकवलं, पुन्हा तोललं. बी फुटतंय का तेही पाहिलं, कारण सोयाबीनचं साल नाजूक असतं आणि चकतीत घासलं की उगवण जाते.

इथवर आम्हीही करतो. पुढं तिनं जे केलं ते आमच्यापैकी कुणी करत नव्हतं. यंत्र रानात नेऊन तिनं वीस फेऱ्यांचं अंतर टेपनं मोजलं. हिशेबानं 25 मीटर यायला हवं होतं, आलं 27. भुसभुशीत रानात चाक घसरत होतं. रान जास्त, फेरे कमी, म्हणजे वर्कशॉपमध्ये बरोबर लावलेलं यंत्र शेतात सात टक्क्यांच्या आसपास कमी बी टाकत होतं. "बी पातळ पडलं" अशी शेतकऱ्यांची ओरड आम्ही वर्षानुवर्षं बियाण्याच्या नावावर खपवत आलो होतो. तिनं ते शिकलेल्या सूत्रातूनच शोधलं. डोकं आणि शिक्षण दोन्ही तिच्यापाशी होतंच. चाकाला हात लावायची संधी तेवढी चौथ्या वर्षी मिळाली, तीही एका खेड्यातल्या वर्कशॉपमध्ये. पहिल्याच वर्षी मिळाली असती तर चार वर्षांत तिनं काय काय शोधलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत तर हे जिवावरचं आहे. पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची शक्ती मागच्या अवजाराला देणारा दांडा, मिनिटाला 540 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक किंवा उपरण्याची दशी अडकली तर हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही. मळणी यंत्रात पेंढी सारायची पन्हळ मानकाप्रमाणं किमान 90 सेंटीमीटर लांब हवी आणि त्यातली 45 सेंटीमीटर झाकलेली हवी. धोकादायक यंत्रांबाबतचा केंद्राचा कायदा 1983 चा आहे. तरीही आखूड पन्हळीची यंत्रं दुरुस्तीला माझ्या दारात येतात, आणि दर सुगीला कुणाच्या ना कुणाच्या मनगटाची बातमी येते. आपल्या कार्यशाळेतल्या शाफ्टवर कव्हर आहे का? प्रवेशाला आलेल्या पालकानं ते आधी पाहावं असं मी सांगतो. जिथं कव्हर काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं, तिथलं पोरगं उद्या गावातही ते काढूनच टाकणार.

काही खासगी महाविद्यालयांत मी स्वतः गेलोय. एका ठिकाणी शेडमध्ये ट्रॅक्टर उभा होता, पुढचे दोन्ही टायर बसलेले, सीटवर पाखरांची घाण. रोटाव्हेटरच्या पात्यांवरचा कारखान्याचा रंगही उडाला नव्हता. माहितीपुस्तकात हीच दोन यंत्रं "अद्ययावत यंत्रसामग्री" म्हणून छापलेली होती, रंगीत फोटोसह. नाव घेत नाही; पण संलग्नता आपण देता, तपासणी समिती आपली जाते. समितीनं यंत्र मोजावं तसं ते किती तास चाललं हेही पाहावं. प्रत्येक ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं. त्यावरचा आकडा दरवर्षी जाहीर करा. बाकीच्या चौकशीची गरज उरणार नाही.

मुलं सध्या कॉलेज कसं निवडतात, तेही पाहा. मागच्या वर्षीचा कट-ऑफ, हॉस्टेल आहे का, बसस्टँड किती लांब. खरं तर कॉलेज निवडताना मूल रानही निवडत असतं. दापोलीच्या जांभ्या मातीत, भाताच्या लहान खाचरांत पॉवर टिलर आणि काजू प्रक्रिया शिकायला मिळेल. अकोल्याला कापूस आणि डाळी. राहुरीच्या आसपास ऊस, ठिबक, खोडव्याची कामं. परभणीला काळी चिकण माती, जिथं एका पावसानं ट्रॅक्टर रुततो आणि वाफसा धरून पेरायची घाई असते. ज्याला पुढं ज्या रानात काम करायचं आहे, त्यानं त्या मातीत चार वर्षं काढणं मोलाचं. उलट मुद्दाम परक्या मातीत जाणंही शहाणपणाचं ठरू शकतं. पण हा विचार करायला त्याला तेवढं माहीत तर हवं. आपल्या संकेतस्थळांवर इमारतींचे फोटो आहेत. कुठल्या महिन्यात विद्यार्थी कुठल्या पिकात कुठलं यंत्र चालवतात, ते सापडत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायलाच हवं. खुरपणी, भाताची लावणी आणि कापूस वेचणी ही शेतातली कंबर मोडणारी कामं बायकांच्या वाट्याला आहेत, आणि यंत्र सगळ्यात उशिरा पोचलं ते याच कामांपर्यंत. कापसाचं घ्या. आपल्याकडं बोंडं एकदम फुटत नाहीत, तीन-चार वेचण्या होतात, झाडं पसरतात, शेतं लहान. आणि परदेशी वेचणी यंत्र मात्र पानं झडवलेल्या, एकसारख्या उंचीच्या, एकाच वेळी तयार झालेल्या झाडांसाठी बनलेलं असतं. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात अजून हातानंच वेचतात. हा प्रश्न सोडवायला वाण, लागवडीचं अंतर आणि यंत्र या तिन्हींचा एकत्र विचार लागेल. जिची आई वेचणीला जाते अशी मुलगी या विषयाला आली पाहिजे, कारण ओटी कुठं काचते आणि बोंडाच्या टोकानं बोटं कशी सोलतात हे तिनं घरी पाहिलेलं असतं. पण मुलींचे वडील मला विचारतात, "तिला तिथं ट्रॅक्टर चालवावा लागंल का?" मी सांगतो, लागला पाहिजे. आपणही तसंच ठणकावून सांगा. प्रात्यक्षिकाला मुलींना वहीत नोंदी घ्यायला बसवून ट्रॅक्टर मुलांच्या हाती द्यायची पद्धत जिथं असेल, तिथं ती यंदाच बंद करा.

नोकरीचंही खरं सांगा. बँकेतली कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षा, लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, ठिबक आणि ट्रॅक्टर कंपन्या, भाड्यानं यंत्रं देणाऱ्या अवजारे बँका, शेतकरी उत्पादक कंपन्या, स्वतःचा कारखाना, एवढ्या वाटा दिसतात. पण कृषी सेवेच्या परीक्षेत आपला विषय डावलला म्हणून 2023 च्या सुरुवातीला याच शाखेच्या मुलांना आंदोलन करावं लागलं, आणि ट्रॅक्टर कंपन्यांच्या दारात त्यांची गाठ मेकॅनिकल इंजिनिअरशी पडते, हेही प्रवेशाच्या दिवशीच सांगा. मागच्या पाच तुकड्यांमधले किती जण कुठं आहेत, याचा साधा तक्ता लावा. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसलेल्यांचाही त्यात रकाना असू द्या. लपवलं तर विद्यापीठावरचा विश्वास जाईल. सांगितलं तरी ज्याला यायचं तो येईलच, आणि तयारीनं येईल.

कामाची तर वाण नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्राची सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर होती. एवढ्या रानात ट्रॅक्टर घेऊन हप्ते फिटत नाहीत, हे माझ्या दारातल्या उभ्या ट्रॅक्टरांवरून मला कळतं. यंत्र भाड्यानं मिळणं, वेळेत मिळणं आणि आपल्या पिकाला बसेल असं मिळणं, हाच यापुढचा मार्ग आहे. 2014-15 पासून केंद्राच्या यांत्रिकीकरण अभियानातून अवजारे बँकांना अनुदान मिळतं. अनुदानानं शेड उभी राहते, यंत्रं येतात, आणि दुसऱ्या हंगामात बेअरिंग गेलेलं यंत्र तसंच पडून राहतं, कारण देखभाल, भाड्याचा हिशेब आणि वेळापत्रक सांभाळणारा माणूस नसतो. तो माणूस आपण घडवू शकता.

आणि हा वारसा आपलाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिकवायचे. ती नोकरी सोडून ते बेळगावला गेले आणि 1903 मध्ये त्यांनी लोखंडी नांगर काढला. लोखंडानं जमीन विषारी होते असं लोक म्हणत आणि नांगराला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. रानात चालताना पाहिल्यावर लोकांची खात्री पटत गेली. वर्गात शिकवणारा माणूस भट्टीपाशी आणि तिथून बांधापर्यंत गेला, तेव्हा हे घडलं.

आपली अडचण मला कळते. अध्यापकांची आणि तंत्रज्ञांची रिकामी पदं हे चारही विद्यापीठांचं जुनं दुखणं आहे. डिझेलसाठीसुद्धा मंजुरीचा कागद फिरतो असं तिथलेच लोक सांगतात. म्हणून मी नवी इमारत किंवा नवी यंत्रं मागत नाही. प्रत्येक महाविद्यालयानं विकल्प अर्ज, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायचे अर्ज, सुरू होण्याआधी मराठीत एक पान जाहीर करावं. चालू स्थितीतली यंत्रं कोणती, त्यांच्या मीटरवरचे तास किती, प्रात्यक्षिकाची तुकडी केवढी, मुलगी असो वा मुलगा, प्रत्येकाला स्टिअरिंगवर किती वेळ मिळतो, कोणतं पीक, कोणतं रान, आणि मागच्या तुकड्या कुठं आहेत, एवढं त्यात असावं. बुदनीच्या केंद्रीय शेती यंत्र प्रशिक्षण संस्थेत किंवा भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत मुलांना नेता का, तेही लिहा. जे महाविद्यालय असं पान देणार नाही त्याच्या नावापुढं "माहिती दिली नाही" असं छापा.

याशिवाय मेमध्ये एक दिवस कार्यशाळा सगळ्यांसाठी उघडी ठेवा. दहावीच्या मुलांनाही बोलवा, म्हणजे गणिताचा प्रश्न वेळेवर सुटेल. भाषणं नकोत, सत्कार नकोत. ट्रॅक्टर चालू करा, पेरणी यंत्राचं चाक उचला, मुलांना फेरे मोजू द्या आणि बी तोलू द्या. आईबापांना प्राध्यापकांपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलू द्या.

वर्षभरात कुणाला दुरुस्ती, वेल्डिंग, लेथ शिकायला पाठवायचं असेल तर आमच्यासारखी वर्कशॉपं तालुक्यातालुक्यांत आहेत. आम्ही शिकवू, फी घेणार नाही. त्याला अभ्यासक्रमात मान्यता कशी द्यायची ते आपण पाहा. आणि परभणीची तारीख ठरली की कळवा. आमच्या भागातून गाडी भरून मुलं आणि त्यांचे आईबाप घेऊन यायचं काम माझ्याकडं लागलं.

कळावे,
आपला,
लातूर जिल्ह्यातला एक अवजार कारागीर